एनडीएमचा रिपोर्ट हातात आल्यावर या चुका टाळा

एनडीएम हा जंतूंमधला जीन. त्याने बनणारं त्याच नावाचं एन्झाइम मेरोपेनेमसारखी ताकदवान अँटिबायोटिकही तोडतं. पहिली चूक नमुना घेतानाच होते. कॅथेटरच्या पेशंटची लघवी पिशवीतून काढून लॅबला पाठवतात. पिशवीत तासन्‌तास साठलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात, मग रिपोर्ट पेशंटचा न राहता पिशवीचा होतो. नळीवरचं पोर्ट (नमुना घ्यायची जागा) स्पिरिटने पुसून सिरिंजनेच नमुना घ्या. ब्लड कल्चर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या, मोठ्या माणसासाठी प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त.

जास्त घोळ होतो तो जीनचा रिपोर्ट वाचताना. क्लेब्सिएला या जंतूत एनडीएम सापडला की घाईघाईने महागडं सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम एकटंच सुरू होतं. अ‍ॅव्हिबॅक्टम केपीसी आणि ऑक्सा-48 या अँटिबायोटिक तोडणाऱ्या एन्झाइमना अडवतं. एनडीएमचं काम जस्ताच्या आधाराने चालतं, त्यावर अ‍ॅव्हिबॅक्टमचा उपाय चालत नाही. उलट अ‍ॅझ्ट्रिओनम एनडीएमला तोडता येत नाही. पण त्याच जंतूत बहुधा ईएसबीएल ही अँटिबायोटिक तोडणारी दुसरी एन्झाइमही असतात आणि ते अ‍ॅझ्ट्रिओनम तोडतात. त्या ईएसबीएलना अ‍ॅव्हिबॅक्टम आवरतं, म्हणून सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनम एकत्र देतात. घरच्यांनी पैसे उभे करून आणलेलं औषध अर्धवट जोडीने वाया जाताना पाहवत नाही.

‘जीन निगेटिव्ह’ म्हणजे मेरोपेनेम चालेल, असंही धरू नका. पीसीआर ही जीनची तपासणी यादीतले मोजकेच जीन शोधते. जंतूच्या आवरणातली छिद्रं बंद झाली आणि जोडीला ईएसबीएल असला, तरी मेरोपेनेम हरतं. मेरोपेनेमवर भरवसा ठेवण्याआधी सेन्सिटिव्हिटीचा (जंतूवर कोणतं औषध चालतं याचा) रिपोर्ट येऊ द्या. कोलिस्टिन या अँटिबायोटिकची सेन्सिटिव्हिटी डिस्कवर (औषधाची चकती ठेवून) मात्र बघू नका, ते जंतू वाढवायच्या अगार जेलीत नीट पसरतच नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रवात औषधाचं प्रमाण बदलत केलेली तपासणी) हेच मागा.

गुदमार्गाच्या स्वॅबमध्ये जीन सापडला, पण पेशंटला ताप नाही, संसर्गाचं कुठलंच लक्षण नाही? मग अँटिबायोटिक नको. त्याला वेगळं ठेवा, गाऊन-ग्लोव्हज वापरा.

आणखी एक चूक सहज नजरेतून सुटते. तीन नंबरच्या खाटेवर क्लेब्सिएला, चार नंबरवर ई. कोलाय, म्हणून दोन्ही प्रकरणं वेगळी समजली जातात. 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या ज्या पेशंटमध्ये एनडीएम-1 पहिल्यांदा ओळखला गेला, त्याच्या लघवीतल्या क्लेब्सिएलात तो होता आणि शौचातल्या ई. कोलायमध्येही. प्लास्मिडवर (जंतू एकमेकांना देतात त्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) बसून हा जीन एका जातीतून दुसरीत जातो. म्हणून वॉर्डच्या रजिस्टरमध्ये जंतूच्या नावाशेजारी जीनचाही रकाना आखा, आणि दोन खाटांवर एकच जीन दिसला की त्याच दिवशी हात धुण्याची पद्धत, सक्शनच्या नळ्या आणि बेसिनचा ड्रेन तपासा.