छातीतली टिकटिक : मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या आवाजाची सवय कशी करायची

हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व्ह, म्हणजे कृत्रिम झडप, बसवायच्या ऑपरेशनच्या आधी आपण डॉक्टरांना सगळं विचारतो, व्हॉल्व्ह किती वर्षं टिकेल, गोळ्या किती दिवस, जिने कधी चढायचे, पण व्हॉल्व्ह आवाज करतो का हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. पहिल्या शांत रात्री मी बाजूच्या टेबलावर कुणाचं घड्याळ राहिलंय का ते शोधत होतो.

आवाज येणं म्हणजे काही बिघडलंय असं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. हल्लीच्या बहुतेक मेकॅनिकल व्हॉल्व्हमध्ये पायरोलिटिक कार्बनच्या दोन कडक पाकळ्या असतात, त्या प्रत्येक ठोक्याला बंद होताना कडेवर आपटतात, तीच टिक. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला १ लाख टिका होतात, त्यामुळे मोजत बसायची सवय लागली असेल तर आजच सोडा. मोजायला लागलो की लक्ष तिथेच अडकतं, मग धास्ती वाटते, धास्तीने ठोके वाढतात, ठोके वाढले की टिकटिक पण वाढते, आणि आपण म्हणतो बघा आज काहीतरी जास्तच होतंय! अशा वेळी श्वास हळूहळू बाहेर सोडा, दोन-चार मिनिटांत फरक पडतो.

रात्रीचा त्रास सगळ्यात मोठा, आणि इथे बरेच जण एक चूक करतात (मी पण केली), कानात बोळे घालतात. हा आवाज बाहेरून येतच नाही, हाडांतून आणि शरीरातून कानापर्यंत पोचतो, त्यामुळे बोळे घातले की बाहेरचं सगळं बंद होतं आणि आतलं आणखी ठळक होतं. उलट करायचं, खोलीत थोडा आवाज ठेवायचा. पंखा चालेल, मोबाईलवर पावसाचा आवाज चालेल, पण तो इतका मोठा नको की टिकटिक पार बुडून जाईल, ती जेमतेम ऐकू येत राहिली तर कान हळूहळू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. डाव्या कुशीवर झोपल्यावर अनेकांना आवाज जास्त जाणवतो, मग कूस बदलून बघा किंवा छातीशी उशी धरून झोपा. झोपेची किंवा दुखण्याची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, वॉरफरीन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असताना साध्या वाटणाऱ्या पेनकिलरनेही रक्तस्राव होऊ शकतो, आधी डॉक्टरांना विचारा.

अजून एक गंमत, तोंड उघडं ठेवलं की टिकटिक मोठी होते. शांत ठिकाणी तोंड मिटून बसा, बराच फरक पडतो. डेंटिस्टकडे तोंड उघडंच ठेवावं लागतं तिथे इलाज नाही, पण तिथे खुर्चीत बसायच्या आधी व्हॉल्व्ह आहे हे सांगायचंच, कारण दातांच्या काही कामांआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.

शेजारी झोपणाऱ्या माणसालाही हे ऐकू येतं बरं का, आणि ते बिचारे तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. सरळ विचारून टाका, पंखा कुठे ठेवायचा, कोण कुठल्या बाजूला झोपणार, सगळं दोघांनी मिळून ठरवा.

आता ज्याकडे दुर्लक्ष करायचं नाही ते. रोजची खणखणीत टिक अचानक दबकी झाली किंवा ऐकूच येईनाशी झाली तर पाकळीवर रक्ताची गुठळी धरलेली असू शकते. सर्दीने कान बंद झालेत असं म्हणून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत दम लागत असेल, चक्कर येत असेल, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं तर सरळ इमर्जन्सी, आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीच्या) पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. एखादी टिक चुकल्यासारखी वाटणं बऱ्याच जणांना होतं, पण लय सारखीच वेडीवाकडी येत राहिली तर ईसीजी काढून घ्या. आणि गुठळी होऊ नये म्हणूनच ती वॉरफरीन असते, आवाज नीट येतोय म्हणजे गोळी चुकली तरी चालेल असा हिशोब कधीच करू नका.

लोकांचं काय? लिफ्टमध्ये कुणीतरी इकडे तिकडे बघत घड्याळ शोधायला लागलं की मी सांगतो, माझंच आहे, आत बसवलंय.