सिम्फायला ओळखताना या चुका टाळा

ओलसर पालापाचोळ्याखालची माती ट्रेमध्ये पसरली की पांढुरके, डोळे नसलेले, उजेड पडताच भेगेत पळणारे जीव दिसतात. गोमेची पिल्लं समजून ते बाजूला टाकू नका. त्यांतले बरेचसे सिम्फायला, म्हणजे गोम आणि वाणीच्या नात्यातले छोटे बहुपाद जीव, असतात. त्यांचं नाव चुकतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: वयानुसार बदलणारी गोष्टच आपण आधी मोजतो.

पायांचंच घ्या. प्रौढ सिम्फायलाला पायांच्या 12 जोड्या असतात, पण अंड्यातून तो 6-7 जोड्या घेऊन निघतो आणि कात टाकत पुढच्या मिळवतो. पॉरोपोडा हा मातीतलाच दुसरा छोटा बहुपाद गट, त्याच्या प्रौढाला बहुधा 9 जोड्या. म्हणून 9 दिसल्या की लगेच पॉरोपोडा लिहून मोकळं होऊ नका, आधी स्पर्शिका (डोक्यावरची मिशी) बघा. सरळ, मण्यांच्या माळेसारखी असेल तर सिम्फायला. पुढे फाटे फुटले असतील तर पॉरोपोडा. सिम्फायलाच्या मागच्या टोकाला रेशीम सोडणारे दोन निमुळते अवयवही असतात. पायांच्या तीनच जोड्या असतील तर मात्र मागे दोन शेपट्यांचा डिप्लुराही (कीटकांच्या जवळचा सहा पायांचा जीव) असू शकतो.

स्पर्शिकेचे मणी मोजून प्रजाती ठरवू नका. ती तुटते, पुन्हा वाढते. एकाच जिवाच्या डाव्या-उजव्या बाजूला आकडे वेगळे येतात.

खरी माहिती पहिल्या पायात आणि पाठीवरच्या पट्ट्यांत, म्हणजे पाठ झाकणाऱ्या आडव्या कवचांत, आहे. स्क्युटिजेरेलिडी कुळात पहिली जोडी नीट वाढलेली असते, लांबीनं दुसऱ्या जोडीच्या निम्म्याहून जास्त. स्कोलोपेंड्रेलिडी कुळात ती खुरटलेली असते. त्यातल्या सिम्फायलेला या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) तर केसाळ गाठीएवढीच उरते. इथे घात होतो: 11 जोड्या मोजून पूर्ण प्रौढाला पिल्लू ठरवलं जातं. पाय तुटला असेल तर कडा फाटकी दिसते, गाठ मात्र गुळगुळीत आणि केसांसह पूर्ण असते. दोन्ही बाजू तपासा. स्कोलोपेंड्रेलिडीत पाठीच्या बऱ्याच पट्ट्यांच्या मागच्या कडेला त्रिकोणी टोकंही असतात.

स्क्युटिजेरेला आणि हान्सेनिएला या स्क्युटिजेरेलिडीतल्या दोन जीनसांतला फरक शेवटच्या पट्टीत आहे. स्क्युटिजेरेलाच्या या पट्टीच्या मागच्या कडेला मधोमध खोल खिसा असतो, हान्सेनिएलात नसतो. नमुना लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून पाठ वर ठेवा आणि कव्हरस्लिप (वरची पातळ काच) दाबू नका. पट्टी चपटी झाली की खिसा कळत नाही.

पुढची चूक सवयीची. स्क्युटिजेरेला दिसला की ‘इमॅक्युलाटा’ लिहायचं. कीटकशास्त्रज्ञ न्यूपोर्टनं 1845 मध्ये वर्णन केलेली ही प्रजाती पिकांच्या मुळांची शत्रू म्हणून गाजली, त्यामुळे हे नाव चटकन तोंडी येतं. 1942 मध्ये कीटकशास्त्रज्ञ मिशेलबाकरनं या जीनसचा आढावा घेतला आणि जवळच्या प्रजाती वेगळ्या केल्या. त्यामुळे त्याआधीच्या नोंदींतल्या ‘इमॅक्युलाटा’वर नमुना पुन्हा पाहिल्याशिवाय विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. आजही पट्ट्यांच्या कडांचा आकार आणि त्यांवरचे केस पाहिल्याशिवाय प्रजातीचं नाव लिहू नका.

पिल्लू असेल तर लेबलवर एवढंच लिहा: स्क्युटिजेरेला, अप्रौढ, पायांच्या मोजलेल्या जोड्या (उदा. 10), मातीची खोली, ठिकाण, तारीख.