रिलीजची तयारी: आधी मोबाइल नंबर, मग बाकी सगळं

सोमवारपासून आपल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनचं टेस्टिंग सुरू होतंय, सातपूरच्या ऑफिसात या वेळी सोबत दोन नवीन पोरं आहेत, त्यांना तोंडी सगळं सांगितलंय तरी लिहून ठेवतो, कारण गेल्या वर्षी याच तयारीत माझ्याकडून एक गोष्ट राहिली आणि तिचा त्रास आम्हाला कमी, शेतकऱ्यांना जास्त झाला. रिक्वायरमेंट वाचा, टेस्ट केसेस आधी लिहा, बग टाकताना स्क्रीनशॉट लावा, हे तुम्हाला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही.

सगळ्यात पहिलं, म्हणजे टेस्ट सर्व्हरवर लॉगिन करायच्याही आधी, लाइव्ह, म्हणजे खऱ्या वापरातल्या, डेटाबेसची जी कॉपी आणलीय तिच्यातले मोबाइल नंबर बदला. सगळे. गेल्या वर्षी कांदा व्यापाऱ्यांच्या हिशोबपट्टीच्या (शेतकऱ्याला विकलेल्या मालाचा हिशोब देणारी पावती) ॲपचं लोड टेस्टिंग, म्हणजे एकदम खूप काम टाकून ॲप टिकतं का ते बघणं, करताना मी लाइव्हची कॉपी घेतली आणि स्क्रिप्टने चारशे खोट्या पट्ट्या बनवल्या, वजन आणि भाव कसेही टाकलेले, आणि पट्टी सेव्ह झाली की शेतकऱ्याला मेसेज जातो हे मलाच सगळ्यात चांगलं माहीत होतं. चारशे मेसेज खरोखरच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी निफाडकडचे एक बाबा बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून व्यापाऱ्याच्या गाळ्यावर येऊन बसले, मोबाइलवर "निव्वळ रक्कम रु. ९१,४४०" असा मेसेज, आणि त्यांचं शेवटचं ट्रॅक्टर तर महिन्यापूर्वीच खाली झालेलं. त्यांना वाटलं मागच्या मालाचा फरक आला. दिवाणजींनी मला फोन लावून त्यांच्या हातात दिला, मी माफी मागितली, समजावलं, त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे यातलं काहीच नाही का?"

तर नंबर. आणि नुसते शेतकरी मास्टरमधले (शेतकऱ्यांच्या मुख्य यादीतले) नाही, ते पट्टीच्या टेबलातही असतात आणि पाठवायच्या मेसेजच्या रांगेतही पडून असतात, ती रांग कॉपीसोबत येते आणि सर्व्हर चालू झाल्याबरोबर स्वतःहून धावायला लागते, म्हणून रांग आधी रिकामी करा. बदलताना सगळीकडे ९९९९९९९९९९ टाकू नका, तो कुणाचा तरी खरा नंबर असू शकतो, आपल्या टीमचेच दोन-तीन टेस्टिंगचे फोन आहेत ते टाका. शिवाय मेसेज गेटवेची (मेसेज पाठवणाऱ्या सेवेची) लाइव्ह की, म्हणजे खरे मेसेज पाठवू देणारा कोड, काढून टेस्टची टाका. नंबर बदलले म्हणून की राहू द्यायची नाही आणि की काढली म्हणून नंबर राहू द्यायचे नाहीत, दोन्ही करायचं. व्हॉट्सॲप, ईमेल, पेमेंट गेटवे, सगळ्यांना हेच. वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी त्या माणसांचे नंबर आपल्याकडे हिशोबासाठी दिलेत, आपल्या प्रयोगांसाठी नाही.

आता डेटा. नाव "अबक", वजन १०, भाव १०० असल्या डेटावर टेस्टिंग केलं की सगळं पास होतं आणि पहिल्याच दिवशी बाजार समितीत अडकतं. आडनावं आपल्याकडची घ्या, कुऱ्हाडे, गोऱ्हे, कारण हा ऱ्ह दोन पद्धतींनी टाइप होतो, काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात तर काही साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण सर्चमधे एक सापडतो आणि दुसरा नाही, मग काउंटरवरचा मुलगा तोच शेतकरी नव्याने टाकतो आणि एकाच माणसाची दोन खाती होतात. वजनाच्या रकान्यात मराठी आकडे टाकून बघा, १२ आणि इंग्रजी कीबोर्डचे आकडे दोन्ही चालले पाहिजेत. मराठी मेसेज ७० अक्षरांच्या पुढे गेला की तो दोन मेसेज म्हणून मोजला जातो, त्यामुळे लांब नावाचा शेतकरी घेऊन मोजा, क्लायंटचं बिल त्यावर ठरतं.

हिशोब स्वतः कागदावर करा. २३.४५ क्विंटल, भाव १,८५१, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा, आणि प्रत्येक ओळ गोल करायची की फक्त शेवटची बेरीज, हे क्लायंटकडून लेखी घ्या, शेतकरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तिथल्या तिथे तपासतो आणि एक रुपयाचा फरक आला तरी विचारतो, आणि त्याने विचारलंच पाहिजे. शेतकऱ्याकडून आडत (दलाली) घेणं २०१६ मधे बंद झालं, तेव्हा त्याच्या पट्टीत आडतीची ओळ कुठल्याही लॉगिनने, कुठल्याही सेटिंगने येता कामा नये, ही टेस्ट मुद्दाम लिहा. अंबडच्या वर्कशॉपवाल्या क्लायंटसाठी जीएसटी वेगळा तपासा, २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, त्याआधीच्या बिलावर माल परत आला तर क्रेडिट नोटला (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणाऱ्या चिठ्ठीला) जुनाच दर लागला पाहिजे, आजचा नाही. जीएसटी नंबर १५ अक्षरी, महाराष्ट्राचा २७ ने सुरू, बाहेरच्या राज्याचा टाकला की आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी) लागतो का बघा.

सेव्हचं बटण पटापट दोनदा दाबा. दोन काउंटरवरून एकाच क्षणी पट्टी काढा, नंबर एकच आला तर तिथेच थांबा, पुढचं टेस्टिंग नाही. नेट मधेच बंद करा, लिलावाच्या गर्दीत टॉवरवर इतके फोन असतात की पट्टी अर्धी जाऊन अडकते, परत चालू केल्यावर ती एकदाच सेव्ह व्हायला हवी. प्रिंट खऱ्या थर्मल प्रिंटरवर काढा, पीडीएफ बघून पास देऊ नका, जोडाक्षरं तुटतात. लोड टेस्टिंगला नेहमीचा दिवस धरू नका, दिवाळीच्या सुटीनंतर मार्केट उघडतं त्या दिवसाची आवक धरा. आणि लोड टेस्टिंग सुरू करायच्या आधी परत एकदा उघडून बघा, नंबर कुणाचे आहेत. मी इथेच चुकलो होतो. एक पट्टी बनवा, टेस्टिंगचा फोन समोर टेबलावर ठेवा, मेसेज त्याच्यावरच आला तर मग चारशे बनवा.

परवानग्या: काउंटरच्या लॉगिनने भाव बदलता येतो का, जुनी पट्टी डिलीट होते का. बॅकअप: घेतलाय एवढं पुरत नाही, रिस्टोर करून उघडून बघा. रिग्रेशन: जुन्या बगच्या टेस्ट परत चालवा, कंटाळा आला तरी.

लाइव्ह रविवारी, मार्केट बंद असताना. जुनं व्हर्जन परत टाकायला किती मिनिटं लागतात ते आधी मोजून ठेवा. सोमवारी एकाने गाळ्यावर थांबायचं, एकाने लॉग बघायचे.

नंतर एखादा बग शोधायला लाइव्हची ताजी कॉपी लागेलच, तेव्हा नंबर परत बदला, रांग परत रिकामी करा, की परत तपासा, स्क्रिप्ट मागच्या आठवड्यात चालवलीय म्हणून सोडू नका, नव्या कॉपीत सगळे नंबर परत खरेच असतात.