अनोळखी माणसाबद्दल माया वाटायला हवी असेल तर

घरच्यांवर माया करायला कोणी शिकवावं लागत नाही. अडतं ते बसमध्ये पाय तुडवणाऱ्यापाशी, पंपावर रांगेत मधेच गाडी घुसवणाऱ्यापाशी. त्याची सवय लावून घ्यावी लागते.

आधी हिशेब करा. आयुष्य 70 वर्षं धरलं तर साधारण 25,500 दिवस होतात, पण हा आकडा डोक्यात शिरत नाही म्हणून सरळ चवथी (गणेश चतुर्थ्या) मोजा. तुम्ही पंचेचाळीसचे असाल तर अजून 25 वेळा माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधायची, तीही सगळं सुरळीत गेलं तर. (नाताळवाल्यांनी नाताळ मोजावेत.) समोर जो उभा आहे त्याच्याकडेही असाच एक आकडा आहे आणि तो तुमच्यापेक्षा लहान असू शकतो, एवढंच मनात आणायचं.

मग पेपरातलं निधन-पुण्यस्मरणाचं पान. ओळखीचं कोणी गेलं का एवढं बघून आपण पान उलटतो, तसं करू नका, एक अनोळखी फोटो निवडा. बहुतेक कुठल्यातरी लग्नातला असतो, बाजूच्याचा खांदा अर्धा कापलेला. खालची नावं वाचा, पत्नी, मुलगे, सुना, जावई, नातवंडं. रोज नको, डोकं जड होतं, आठवड्यातून एकदा पुरे.

बौद्ध परंपरेत मैत्री भावनेचा, म्हणजे मनातल्या मनात दुसऱ्याचं बरं चिंतण्याच्या सरावाचा, क्रमच ठरलेला आहे, आधी स्वतः, मग जिवलग, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असा, आणि शेवटी ज्याच्याशी वाकडं आहे तो. लोक डायरेक्ट शेवटच्यावर उडी मारतात आणि आपल्याला नाही बाबा जमत म्हणून सोडून देतात. तुम्ही तिसऱ्यावरच बराच काळ थांबा. गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीवर असा माणूस हमखास मिळतो, त्याचं बरं होवो असं मनातल्या मनात म्हणायचं, टक लावून बघायचं नाही हां, उगाच भांडण होईल.

पण नुसतं मनात म्हणून काय उपयोग, हातपण हलले पाहिजेत. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) सिंधुदुर्गातून पेशंट येतात, बरोबरचा माणूस फाईल छातीशी धरून कुठली ओपीडी कुठे ते शोधत असतो. त्याला 'तिकडून डावीकडे' सांगून सुटू नका, काउंटरपर्यंत सोबत जा.

रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या भानगडीच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134ए आलंय, चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल केस लागत नाही. 108 लावा, मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवा, जखमीला पाणी पाजू नका आणि उगाच उचलाउचली करू नका, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.

आणि कोणी मदत नको म्हणाला तर रागवायचं नाही, बरं म्हणून आपल्या वाटेला लागायचं.