लघुपटाची गोष्ट ऐकून अभिप्राय देताना या चुका टाळा

कोकणात दिवाळीनंतर शूटिंगला उभं राहायचं, तर गोष्ट पावसाळ्यातच पक्की व्हायला हवी. मग जुलै-ऑगस्टात कुणाच्या तरी पडवीत पाच-सहा जण जमतात, एकेक जण तीन-चार मिनिटांत आपली गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्यावर बोलतात. बऱ्याच गोष्टी बिघडतात त्या या बोलण्यात. सांगणारा स्वतःची एक गोष्ट घेऊन आलेला असतो आणि घरी जातो पाच जणांच्या पाच गोष्टी घेऊन.

अडचण सांगण्याआधी उपाय सांगणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. समजा गोष्ट अशी आहे: वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला मुलगा त्यांची होडी विकायला काढतो, गिऱ्हाईक दारात येतं आणि मुलगा म्हणतो, ‘होडी इकूची नाय.’ लघुपट बारा मिनिटांचा. ऐकणाऱ्यांपैकी एक जण लगेच म्हणतो, ‘शेवटी होडी पेटवून दे, काय दिसेल रे पडद्यावर!’

पेटती होडी दिसेल छानच. पण या माणसाला खरं खटकलं होतं ते वेगळंच: मुलाचं मन का बदललं, ते त्याला कळलं नव्हतं. ती पोकळी त्याने आगीने भरली. त्याने असं म्हणायला हवं होतं: ‘गिऱ्हाईक येईपर्यंत मुलगा विकायला तयार आहे. दारात आल्यावर नाही म्हणतो. मधे काय घडलं ते मला दिसलं नाही, त्यामुळे शेवट अचानक वाटला.’ यात कुठे अडलं ती जागा आहे, काय समजलं ते आहे आणि काय हुकलं तेही आहे. पुढचं काम लेखकाचं. उपाय सुचलाच असेल तर आधी विचारावं, ‘एक सुचवू का?’ आणि तो अडचणीच्या नंतरच सांगावा.

त्याच्याही आधी एक पायरी आहे, ती बहुतेक जण गाळतात. ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत, दोनच वाक्यांत परत सांगायची. सांगणारा ‘नाही नाही, तसं नाही’ म्हणाला, तर तीन प्रश्न विचारा: गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, ते मिळालं नाही तर त्याचं काय बिघडेल? उत्तरं पटापट आली तर गोष्ट शाबूत आहे, सांगण्यात घोळ आहे. क्रम बदलून पुन्हा सांगायला लावा. उत्तर देताना तो अडखळला, किंवा दर वेळी वेगळं उत्तर देऊ लागला, तर भोक गोष्टीतच आहे. हे न तपासता दिलेला अभिप्राय बहुधा भलत्याच दुखण्यावरचं औषध ठरतो.

मिनिटं न मोजता भर घालायला सांगणं

‘आईचं पात्र खुलव, बालपणाचा फ्लॅशबॅक घे, ट्रॉलरवाल्यांशी भांडणही येऊ दे.’ प्रत्येक सूचना एकेकटी बरोबर असते. तिन्ही मिळून बारा मिनिटांत मावत नाहीत. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब. देवनागरीत टाइप आणि मांडणीप्रमाणे तो हलतो, म्हणून प्रसंग मोठ्याने वाचून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ लावलेली बरी. नियम एवढाच ठेवा: जो काही वाढवायला सांगेल, त्याने काय कापायचं तेही सांगायचं. ऑस्करसाठी लघुपटाची मर्यादा श्रेयनामावलीसकट 40 मिनिटं आहे, पण अनेक महोत्सवांची मर्यादा याहून बरीच कमी असते. पाठवायचं कुठे, हे आधी विचारून घ्या.

गावच्या माहितीवरून गोष्ट मोडीत काढणं

इथे जाणकारच जास्त चुकतात. ‘जुलैत होडी पाण्यात? तेव्हा मासेमारी बंद असते, गोष्टच खोटी!’ 1 जून ते 31 जुलैची बंदी आहे हे खरं, पण ती यांत्रिक नौकांसाठी; बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. म्हणजे आधी विचारायला हवं होतं, होडी इंजिनाची की वल्ह्याची? उत्तर ‘वल्ह्याची’ आलं तर आक्षेप मिटला. ‘इंजिनाची’ आलं तर तोच आक्षेप गोष्टीच्या कामाचा आहे: बंदीत बाहेर पडणारा माणूस काहीतरी पणाला लावतो आहे.

काही चुका मात्र खरोखर दाखवायच्या असतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर ‘समुद्रातून सूर्य वर येतो’ असा पहिलाच प्रसंग कागदावर असतो आणि कुणी बोलत नाही. रत्नागिरीकडच्या आजीच्या तोंडी सिंधुदुर्गाकडची अस्सल मालवणी घातलेली असते, तिथेही ‘ही कुठल्या गावची?’ एवढं विचारलं तर पुरतं. उलट ‘मालवणी कुणाला कळणार, प्रमाण मराठीत कर’ हा सल्ला देऊ नये. सबटायटल कशासाठी असतात?

शूटिंगच्या अडचणी वेगळ्या कागदावर लिहा. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. त्यामुळे पुळणीवरचा एकच संवाद दोन दिवसांत, घड्याळाच्या त्याच वेळी शूट केला तरी पाण्याची रेघ जुळत नाही. माहिती मोलाची आहे, पण ती गोष्टीवरचा अभिप्राय नव्हे. दोन्ही एकत्र केलं की लेखक घाबरून चांगला प्रसंगच काढून टाकतो.

कोकण दाखवायचा हट्ट

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, दशावतारी नाटक, शिमग्याची पालखी, वाडीची राखण करणारा देवचार. यातलं काहीतरी ‘टाकच’ म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. कसोटी सोपी आहे: तो प्रसंग काढला तर गोष्ट अडते का? होडीच्या गोष्टीतला मुलगा रात्री दशावतार बघत बसतो, एवढंच असेल तर अडत नाही. तोच मुलगा स्त्रीपार्ट करतो आणि गिऱ्हाईक त्याला तोंडाला रंग लावलेल्या अवस्थेत गाठतं, असं असेल तर मग प्रश्नच नाही.

‘छान’ आणि ‘नाही जमलं’

दोन्ही निरुपयोगी. काय चाललं तेही जागा दाखवून सांगा: ‘तो होडीतलं पाणी उपसतो पण आत बसत नाही, तिथे मी गुंतलो.’ नाहीतर पुढच्या ड्राफ्टमध्ये नेमकं तेच उडतं.

बोलण्याचा क्रमही ठरवा. ‘सर’ किंवा मंडळातले जुने काका आधी बोलले की बाकीच्यांच्या माना हलतात आणि बैठक तिथेच संपते. सगळ्यात नवख्याने पहिलं, ज्येष्ठांनी शेवटी. आणि गोष्टीतली भाऊबंदकी किंवा सातबाऱ्याचं भांडण गावातल्या कुठल्या घरचं आहे हे ओळखू आलं, तर ते चारचौघांत बोलू नका. नंतर लेखकाला बाजूला घेऊन सांगा; गाव बदल, नातं बदल, म्हणजे उद्या शूटिंगला अंगण नाकारलं जाणार नाही.

बैठक घसरली तर

लेखक प्रत्येक मुद्द्याला समर्थन देऊ लागला, तर त्याच्या हातात वही द्या. सगळे बोलून होईपर्यंत त्याने फक्त लिहायचं, मग त्याला तीन मिनिटं. दोघांची मतं टोकाची निघाली, एकाला शेवट गोड आणि दुसऱ्याला कोरडा वाटला, तर कोण बरोबर यावर वाद नको. दोघंही एकाच जागी अडखळलेत, ती जागा लिहून घ्या. एका माणसाने तीनच मुद्दे द्यायचे, सगळ्यात मोठा आधी. ‘हा शब्द बदल’ वगैरे बारीकसारीक शेवटच्या ड्राफ्टपर्यंत राखून ठेवा.

दुसरा ड्राफ्ट आला की आधी जुनी वही उघडा. मागच्या वेळची जागा भरली का, तेवढंच पहिल्यांदा बघायचं. नवं खुसपट त्यानंतर, आणि तेही मोठं असेल तरच.