निवृत्त स्कूल बसची डोंगरात नेण्याजोगी गाडी कशी करावी

अमेरिकेत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की जुन्या पिवळ्या बस लिलावात निघतात. काही हजार डॉलरमध्ये पोलादी सांगाड्याची, वर्षानुवर्षं वेळच्या वेळी तपासणी झालेली गाडी हाती येते. तिचं घर करणाऱ्यांची इथे मोठी जमात आहे आणि अशा बसला ते ‘स्कूली’ म्हणतात. आम्ही कोलोरॅडोत राहतो. आमची बस तयार व्हायला चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार गेले.

अशा बसच्या फोटोत दिसतात ती लाकडी छतं, टांगलेल्या कुंड्या आणि रंगीत फरशा. खडकाळ रस्त्यावर यातलं काही उपयोगी पडत नाही. गाडी खरोखर डोंगरात न्यायची असेल तर निम्म्याहून जास्त पैसा आणि घाम जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे घाला.

आधी लांबी ठरवा

मोठी बस 35 ते 40 फुटांची असते, आखूड 20 ते 25 फुटांची. चाळीस फुटीत ऐसपैस राहता येतं, पण जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर वळायला जागा नसली की अर्धा मैल उलटं यावं लागतं. मागच्या चाकांमागे बॉडी लांब लोंबते, तीही चढाच्या तोंडाशी घासते. आम्ही आखूड घेतली. तरी सगळीकडे जाता येतं असं नाही. माँटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट 8 फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही. बसची बॉडीच आठ फुटांची, म्हणजे आरशांपाशी हिशोब संपला. अशा ठिकाणी बस खाली लावायची आणि सायकली काढायच्या.

उंचीही मोजा. आतली उंची साधारण सहा किंवा साडेसहा फूट असते. छत आणि जमीन मिळून तीन इंच इन्सुलेशनमध्ये जातात. घरात कुणी सहा फुटी असेल तर साडेसहाची बस शोधा, नाहीतर तो जन्मभर मान वाकडी करून चहा करेल.

इंजिन, गिअरबॉक्स आणि गंज

इंजिनात इंटरनॅशनल कंपनीचं डीटी 466 किंवा 1998 पर्यंतचं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स 5.9 मिळालं तर डोळे झाकून पुढची चौकशी करा. दोन्ही दणकट आहेत आणि सुटे भाग मिळतात. साधारण 2007 नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या गाळण्या आल्या, 2010 नंतर युरियाचं द्रावणही. त्यांचं दुखणं निघालं की खिसा रिकामा.

गिअरबॉक्सकडे मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. अॅलिसनचा एटी 545 जुन्या बसमध्ये सर्रास असतो. शहरात मुलं सोडायला तो उत्तम. पण त्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, लॉक होत नाही, म्हणून लांब चढावर तेल तापतं आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक जवळपास मिळत नाही. रॉकीज पर्वतात फिरायचं असेल तर एमटी 643 किंवा अॅलिसन 2000 बघा.

मग अंगाखाली गोणपाट टाकून बसखाली शिरा. हातात स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. आडव्या पट्ट्यांवर आणि चाकांच्या कमानींवर टोचून बघा. वरवरचा तांबूस गंज घासून जातो. टोक आत घुसलं तर वेल्डरचं बिल ठरलेलं. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली बस थोडी महाग पडली तरी परवडते.

टायरच्या बाजूला ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरं-आकडे असतात. शेवटचे चार आकडे वाचा. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी असं रबर बदलायचंच, आणि सहा टायरचे पैसे लिलावाच्या बोलीतून मनातल्या मनात वजा करायचे.

कागदपत्रं कापाकापीच्या आधी

विमा कंपनीशी खरेदीआधी बोला. घरी बांधलेल्या बसला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. ‘स्कूल बस’ ही अक्षरं, लाल लुकलुकते दिवे आणि बाहेर येणारी ‘थांबा’ची पाटी काढावीच लागते. बऱ्याच राज्यांत रंगही बदलावा लागतो. हा पिवळा रंग 1939 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत ठरला, पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं त्यावर उठून दिसतात म्हणून. रंग काढताना मला जरा वाईट वाटलं होतं. छताला मात्र पांढराच द्या, आत उन्हाची धग पुष्कळ कमी होते.

हे सगळं महाराष्ट्रात करू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मनाने करता येत नाहीत. आरटीओत आधी विचारा, मग ग्राइंडर उचला.

उचकटणं

सीटचे बोल्ट आरपार असतात. एकाने आत पाना धरायचा, दुसऱ्याने खाली नट. गंजलेले फिरत नाहीत, त्यांची डोकी ग्राइंडरने उडवा. डोळ्यांना चष्मा, तोंडाला एन-95 मास्क आणि जवळ पाण्याची बादली हवीच, कारण ठिणग्या फोममध्ये पडतात. छताचे पत्रे काढल्यावर आतून बुरशी धरलेली काचेची लोकर निघते. तिला उघड्या हाताने शिवू नका.

रबर आणि प्लायवूडची जुनी जमीन मुळापासून काढा. मी आळस केला. मागच्या कमानीजवळचा चार फुटांचा तुकडा कोरडा दिसला म्हणून ठेवला. पहिल्या पावसाळी आठवड्यात पलंगाखालून ओल्या गोणीसारखा वास यायला लागला आणि बसवलेला पलंग परत सोडवावा लागला. खालचा पत्रा पापडासारखा झाला होता.

पत्रा उघडा पडला की तारेच्या ब्रशने घासा, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावा, वाळल्यावर प्रायमर आणि रंग. सीटच्या बोल्टची भोकं बुजवायला इथले लोक एक सेंटचं नाणं सीलंटमध्ये चिकटवतात, ते वर नेमकं बसतं. आमच्या जमिनीत अशी दीडेक डॉलरची नाणी गेली. त्यावर इंचभर फोमचे तक्ते आणि मग प्लाय. पण प्लाय पत्र्याला स्क्रूने जोडू नका, नाहीतर पुन्हा भोकं.

वजन, वीज, हवा

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी खाली, दोन्ही अॅक्सलच्या मध्ये ठेवा. कपाटं हलक्या प्लायची करा. मागचं आपत्कालीन दार भिंत घालून बंद करू नका. पलंग उंच घेतला की त्याच दारातून सायकली आत जातात, आणि आग लागली तर माणसं बाहेर येतात.

विजेचा हिशोब फ्रिजपासून करा. छोटा 12 व्होल्टचा फ्रिज दिवसाला पाचशे-सहाशे वॅट-तास खातो. 200 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत अडीच हजार वॅट-तास मावतात आणि छतावरचे 400 वॅटचे सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दीड हजाराच्या पुढे देतात. दोघांना एवढं पुरतं. शून्य अंशाखाली मात्र ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून ती बसच्या आतच ठेवा. फ्यूज बॅटरीला लगटून हवा. 2000 वॅटचा इन्व्हर्टर पावणेदोनशे अँपिअर ओढतो, तिथे केबल अंगठ्याएवढी जाड लागते. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर घ्याच. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

दोन रात्रींची तालीम

पहिली फेरी घरापासून तासाभराच्या आत करा आणि वही-पेन्सिल जवळ ठेवा. काय खडखडतं, कुठे गळतं, कोणता दिवा उगाच लागतो, सगळं लिहा. आमच्या ड्रॉवरना मी लोहचुंबकाचे खटके लावले होते. पहिल्याच वळणावर तिन्ही ड्रॉवर उघडले आणि स्टीलच्या डब्यातली तुरीची डाळ बसभर झाली. दुसऱ्या दिवशी साध्या पितळी कड्या बसवल्या. बॅटरीचा कप्पा उघडला की अजूनही एखादा दाणा निघतो.