सोसायटीची वार्षिक सभा: या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये एकच धावपळ सुरू होते. सहकार कायद्याच्या कलम 75 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. ती टाळली तर पदाधिकारी अपात्र ठरू शकतात. मग शेवटच्या आठवड्यात सभा कशीबशी उरकली जाते. सभेतली भांडणं बहुतेक वेळा आधीच्या ढिसाळ तयारीतून येतात, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात नोटिशीपासून. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराची नमुना नियमावली) वार्षिक सभेला पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते. नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा, हे दोन्ही दिवस त्यात धरायचे नाहीत. 28 तारखेला सभा असेल तर 13 तारखेपर्यंत नोटीस घरोघरी पोचलेली हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून मोकळं होऊ नका. प्रत्येकाला प्रत द्या आणि वहीत सही घ्या. पुढे कुणी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली तर हीच वही कामाला येते.

सगळ्यात महागात पडते ती विषयपत्रिका. ‘इमारत दुरुस्तीबाबत चर्चा करणे’ असा विषय छापला की चर्चाच होते, तीही दोन तास, आणि शेवटी ‘पुढच्या वेळी बघू’. त्याऐवजी असं लिहा: ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन निविदांचा विचार करून ठेकेदार निवडणे आणि प्रत्येक फ्लॅटची वर्गणी ठरवणे.’ नोटिशीसोबत तिन्ही निविदांचा एका पानाचा तक्ता जोडा: दर, हमी किती वर्षांची, पैसे किती टप्प्यांत. वरच्या मजल्यावर छत ठिबकतंय आणि खालच्यांना पैसे का द्यायचे हे कळत नाही, अशा वेळी हा तक्ता अर्धा वाद मिटवतो. माणसं खर्चापेक्षा अंधारात ठेवल्यावर जास्त चिडतात. ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवालाचंही तेच. सभेत पहिल्यांदा आकडे दाखवले तर संशय येणारच.

आणि एवढा मोठा खर्च ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात कधीही घुसवू नका. ज्याला रीतसर नोटीस लागते, तो विषय तिथे घेता येत नाही.

कोरमचं, म्हणजे सभेला किमान किती सभासद हजर हवेत याचं, गणित सोपं आहे: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी कमी असेल ती संख्या. अर्ध्या तासात ती भरली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेची वेळ नोटिशीतच छापलेली असेल तर ती त्याच दिवशी पुन्हा भरवता येते आणि तिला कोरमची अट नसते. ही एक ओळ राहिली की सभा किमान सात दिवस पुढे जाते.

सभा चालवताना अध्यक्षांनी स्वतः वाद घालायला बसू नये. पार्किंग निघालं की सभा तिथेच अडकते, म्हणून वैयक्तिक तक्रारी लेखी घ्या, त्या समितीच्या बैठकीत घेण्याची तारीख तिथल्या तिथे सांगा आणि मूळ विषयावर या. एकाच माणसाला तिसऱ्यांदा बोलू देण्याआधी जे अजून बोललेच नाहीत त्यांना विचारा. मागच्या रांगेतल्या आजोबांना पंप कधी बसवला, कधी जळाला हे सगळं ठाऊक असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही.

चर्चा थांबली की सेक्रेटरींनी ठराव सभेतच मोठ्याने वाचावा: सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती. ज्याला विरोध नोंदवायचा आहे त्याचं नाव लिहा. इतिवृत्त नंतर आठवून लिहायला बसलात तर ‘मी असं म्हटलोच नव्हतो’ हे वाक्य ठरलेलं. ठरावाखाली काम कुणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेही लिहा, आणि दुसऱ्या दिवशी ती यादी सूचना फलकावर लावा.